बसलेलं जनावर

"डाक्टर, गेली का वं माझी गाय?"

ज्ञानू खोत माझ्या डोक्याशी उभा राहून चौथ्यांदा हेच विचारत होता. गोठ्यात त्याची जर्सी गाय बसली होती, मान कुशीकडं वळवून, डोळे अर्धे मिटून. आदल्या दिवशी व्यालेली. सकाळी बसली ती बसलीच. दारात पंधरावीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडं इलाज होता. एक म्हणाला शेपूट पिरगाळा, दुसरा म्हणाला नाकाशी मिरचीचा धूर धरा. ज्ञानूचा चुलता तर सरळ म्हणाला, "काय झालेलं न्हाई तिला. माजलीया. ढोंग करतीया."

मी ताडकन फिरलो. "अण्णा, तोंड सांभाळा. जनावर ढोंग करत नसतंय. ढोंग माणूस करतंय."

ही गोष्ट पंचवीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. म्हणजे डॉक्टर नव्हे. पण आमच्या पंचगंगेकाठच्या सात गावांत एवढं लांबलचक नाव घ्यायला सवड कुणाला? सगळे 'चौगुले डाक्टर' म्हणायचे आणि मीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही.

माझी एक पद्धत होती आणि तिचा मला भारी तोरा होता. बसलेल्या जनावराकडं गेलो की आधी पिशवी उघडायची नाही. त्याच्यासमोर खाली बसायचं, शेणात तर शेणात. कानाला हात लावून गार आहे का बघायचं, डोळे बघायचे, श्वास मोजायचे. पाच मिनिटं नुसतं बघायचं. लोक कंटाळायचे. मी म्हणायचो, "मुकं जनावर आहे बाबांनो, त्याला बोलता येत नाही. म्हणून आपण बघायचं असतंय." हे वाक्य मी इतक्या गोठ्यांत म्हटलं होतं की शेवटी शेवटी लोकच माझ्याआधी म्हणून टाकायचे.

ज्ञानूच्या गायीचे कान गारठलेले होते. व्याल्यावर कॅल्शियम सगळं दुधात उतरतं, रक्तात कमी पडतं, आणि चांगली धडधाकट गाय जमिनीवर बसते. मी बाटली कोमट पाण्यात धरली, मानेच्या शिरेत सुई घातली. एका हातात बाटली, दुसरा हात गायीच्या छातीवर, कारण कॅल्शियम घाईनं सोडलं तर काळीज थांबतं. वीस मिनिटांत बाटली संपली. गायीनं अंग थरथरवलं, शेण टाकलं आणि उभी राहिली.

"अरं तिच्या मायला, उठली की!" ज्ञानू ओरडला. चुलत्याची बोलती बंद. मी बादलीत हात धुतले आणि काही विशेष घडलं नाही असा चेहरा केला. तो चेहरा मला चांगला जमायचा.

तेवढ्यात आमच्या शेजारच्या आनंदीवहिनी पदर खोचून लगबगीनं आल्या. गावातल्या महिला दूध संस्थेच्या त्या चेअरमन, आणि माझी बायको मालन त्या संस्थेची सचिव.

"भावजी, मालन संस्थेच्या पायरीवर बसलीया. उठवंना झालंय म्हणती."

ज्ञानू तोऱ्यात होता. म्हणाला, "डाक्टर, दुसरी बाटली शिल्लक हाय न्हवं?"

सगळा गोठा हसला. मीही हसलो. जरा जास्तच हसलो.

मालन पायरीवर बसली होती, हातात पाण्याचा तांब्या, तोंड ओढलेलं. मी फटफटी बंदसुद्धा केली नाही.

"काय झालं?"

"अहो, मांड्यांतलं बळच गेलंय. हाडं आतनं ठणकत्यात. आणि तहान बघा, तांब्यावर तांबे रिचवले तरी जीभ कोरडीच."

"सकाळी काय खाल्लंस?"

"भूकच नाही. पोट पण साफ नाही चार दिवस. मला काहीतरी होतंय, खरंच सांगते."

"खाल्लं नाही तर बळ कुठनं येणार? चल, बस मागं."

घरी पोचायच्या आत माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बाई पंचेचाळिशीची, दोन बाळंतपणं झालेली, हाडं दुखतात, बसली की उठवत नाही. अहो, गाय काय आणि बाई काय! त्याच दिवशी मी मेडिकलमधून कॅल्शियमच्या गोळ्यांचं खोकं आणलं. सकाळ-संध्याकाळ दोन दोन गोळ्या. वर म्हशीचं दूध, पेला भरून, तीनदा. दह्यातून गव्हाएवढा चुना. रोज नाचणीची आंबील. जनावरांच्या खनिज मिश्रणाचा डबाही एकदा हातात घेतला होता, पण त्यावर गायीचं चित्र होतं म्हणून परत ठेवला. एवढी अक्कल शिल्लक होती.

"एवढं कशाला?" मालन म्हणाली. "मी काय उद्या व्यायची आहे?"

"तुला काय कळतंय त्यातलं? वीस वर्षं कॅल्शियम देतोय मी. एक जनावर दगावलं नाही."

ती बिचारी गिळायची. मला वाटायचं, झालं, आता महिन्याभरात हरणीसारखी पळेल.

पळणं राहिलं बाजूला, ती आणखीच खचत गेली. तहान वाढली, त्यामुळं लघवीच्या खेपा वाढल्या. मी म्हणालो, उष्णता आहे, नाचणी वाढव. ओकारी यायची. मी म्हणालो, दूध नासकं असेल, दुसऱ्या म्हशीचं पी. बसल्या बसल्या डोळ्यांतून पाणी यायचं. मी म्हणालो, लेक नांदायला गेली की बायकांचं असं होतंच. माझ्याकडं उत्तर नव्हतं असं एकदाही झालं नाही.

श्रावणात संस्थेच्या पायरीवरून दुधाची बरणी उचलताना तिचं मनगट मोडलं. पडली नाही, आपटली नाही, नुसती बरणी उचलली आणि कट् आवाज झाला. प्लास्टर घालून परत येताना मी एस.टी.त तिला म्हणालो, "बघितलंस? मी सांगत नव्हतो? हाडं ठिसूळ झाल्यात. कॅल्शियम कमी पडतंय." आणि प्लास्टर घालणाऱ्यानंही कागदावर कॅल्शियमच लिहून दिलेलं बघून माझी छाती दोन इंच फुगली. घरी आल्यावर मी गोळ्या दुप्पट केल्या.

मग विसरणं सुरू झालं. चुलीवर दूध ठेवायची आणि ओसरीत जाऊन बसायची, करपल्याचा वास आला तरी उठायची नाही. एकच गोष्ट तीनदा सांगायची. हे घरात होतं तोवर ठीक होतं, पण संस्थेत रोज सकाळी फॅट बघायला दुधाचे नमुने घेतात, त्या बाटल्या तिच्या हातून अदलाबदल व्हायला लागल्या. चांगल्या म्हशीच्या दुधाला पाणचट ठरवलं गेलं, बायका भांडायला उठल्या. "मालनताईंचं डोकं ठिकाणावर न्हाई," असं नळावर बोललं जाऊ लागलं.

ही संस्था मालननं उभी केली होती, हे सांगायला पाहिजे. चाळीस बायकांची दारं झिजवली होती तिनं, नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, खाली मान घालून नव्हे, उलट उत्तर देऊन. आठ वर्षं संस्थेची किल्ली तिच्या कमरेला होती. लुगड्याच्या निऱ्यांत खोचलेली, झोपतानासुद्धा. लोकांनी तिला हसावं हे मला सोसेना. खरं सांगायचं तर लोकांनी मला हसावं हे सोसेना. चौगुले डाक्टर गावाची जनावरं उठवतो आणि घरची बायको उठत नाही, असं कुणीतरी म्हणालेलं कानावर आलं होतं.

मी आनंदीवहिनीकडं गेलो.

"वहिनी, किल्ली काढून घ्या तिच्याकडून. तिला आता झेपत नाही."

"भावजी, तिला विचारलंय काय?"

"तिला काय विचारायचं? तिला काल काय जेवली ते आठवत नाही."

दुसऱ्या दिवशी मालन संस्थेतून रिकाम्या कमरेनं परत आली. चार दिवस अंथरुणातून उठली नाही. पाचव्या दिवशी माझा पारा चढला. घरात भाकरी नाही, अंगण झाडलेलं नाही, आणि ही बाई भिंतीकडं तोंड करून पडलेली.

"उठ की आता! किती दिवस चालायचं हे?"

"मला उठवत नाही."

"उठवत नाही म्हणजे काय? प्लास्टर निघालं, गोळ्या चालू आहेत, दूध चालू आहे. आणखी काय पाहिजे?"

"मला काहीतरी झालंय. तुम्ही ऐकूनच घेत नाही."

"ऐकून ऐकून कान किटले माझे. सरळ सांग की काम करायला नको. ढोंग नुसतं!"

तिनं भिंतीकडचं तोंड वळवून माझ्याकडं बघितलं. भांडेल असं वाटलं होतं. भांडली असती तर बरं झालं असतं. ती उठली, भिंतीला धरून चुलीपर्यंत गेली आणि डाव्या हातानं पीठ मळायला बसली.

आठ दिवसांनी सकाळी ती पोट धरून अंगणात गडाबडा लोळायला लागली. कमरेतून निघून जांघेत जाणारी कळ. आता ढोंग म्हणायची सोय नव्हती, घामानं चोळी भिजली होती. जीप करून कोल्हापूरला नेलं. मुतखडा निघाला, दोन्हीकडं.

"खडा ना?" मी जरा सुटल्यासारखा म्हणालो. "खडा म्हणजे काय, बऱ्याच लोकांना होतो."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई उपाध्ये चाळिशीच्या होत्या, बारीक चणीच्या, बोलायला घाई नसलेल्या. त्यांनी मालनच्या कॉटशेजारी स्टूल ओढलं, बसल्या, आणि म्हणाल्या, "हं, सांगा मावशी. पहिल्यापासून सांगा."

मी सांगायला तोंड उघडलं. त्यांनी माझ्याकडं न बघता हात वर केला. "त्यांना सांगू दे."

मालननं माझ्याकडं बघितलं. मग भीत भीत सुरुवात केली. तहान, हाडं, पोट, ओकारी, विसरणं, मनगट, रडू. मध्ये मध्ये तिला आठवायचं नाही, तेव्हा डॉक्टरीणबाई गप्प राहून वाट बघायच्या. अर्धा तास गेला. मला वाटलं, काय हा वेळेचा सत्यानाश.

दुसऱ्या दिवशी त्या रक्ताचा कागद घेऊन आल्या.

"यांना कॅल्शियम कोण देतंय?"

"मी," मी म्हणालो. छातीवर हात ठेवला नाही एवढंच.

"किती?"

मी सगळं सांगितलं. गोळ्या, दूध, चुना, नाचणी, काही लपवलं नाही. उलट चुन्याचं दोनदा सांगितलं, शहरातल्या डॉक्टरांना असलं माहीत नसतं म्हणून.

"यांच्या रक्तात कॅल्शियम तेरा आहे," त्या म्हणाल्या. "साडेदहाच्या वर जायला नको."

"तेरा?" मी हसलो. "मशीन बिघडलं असेल. गायीचंसुद्धा दहाच्या आसपास असतं."

"दोनदा तपासलंय, काका."

मग त्यांनी कागदाच्या पाठीमागं मानेचं चित्र काढलं. गळ्यात मुगाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं हे त्या बघतात. मालनची त्यातली एक फुगून बोराएवढी झाली होती आणि रात्रंदिवस राबत होती. हाडांतलं कॅल्शियम ओरबाडून रक्तात आणून टाकत होती. म्हणून हाडं पोकळ, मूत्रपिंडात खडे, पोट बंद, डोक्यात धुकं, मनात अंधार. सगळं एकाच बोराचं काम. आणि वरून तिला रोज कॅल्शियमचा खुराक.

"आगीत तेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या, त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तरी चाललं असतं.

पॅराथायरॉईड मला माहीत नव्हती असं नाही. आमच्या कोर्सला दोन मार्कांचा प्रश्न होता. गाय व्याल्यावर ही ग्रंथी वेळेवर जागी होत नाही, आळशीपणा करते, म्हणून गाय बसते. पाठ होतं मला. कामचुकार ग्रंथी मी शिकलो होतो. जादा राबणारीही असू शकते आणि तिच्यापायीही कुणी बसू शकतं, हे काही कुणी शिकवलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, बाटलीत घालून मला दाखवली. एवढीशी. मी बघून मान खाली घातली.

त्या आठवड्यात माझ्याएवढा पश्चात्ताप कोल्हापूर जिल्ह्यात कुणी केला नसेल. मालनला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी घरी येऊन घर धुऊन काढलं. गोळ्यांचं खोकं उकिरड्यावर. चुन्याची डबी उकिरड्यावर. नाचणी शेजारच्या कोंबड्यांना. म्हशीचं दूध सगळं संस्थेला. घरात चहासुद्धा कोरा. यापुढं या घरात कॅल्शियमचा कण येणार नाही अशी मी देव्हाऱ्यापुढं शपथ घेतली.

चौथ्या दिवशी सोडलं. मी खाली जीपवाल्याशी बोलत होतो, मालन पिशवी घेऊन आली. जीप शहराबाहेर पडल्यावर मी पिशवी उघडली, आणि हबकलोच. आत कॅल्शियमच्या गोळ्या, सहा पाकिटं.

"हे काय?"

"नर्सबाईंनी दिल्यात. दिवसातनं तीनदा घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत म्हणाल्या. बोर काढलं की हाडं आता रक्तातलं सगळं ओढून घेत्यात, म्हणे. ओठाला मुंग्या आल्या तर लगेच या म्हणाल्या."

"कॅल्शियम? तुला? अगं, त्यापायीच एवढं रामायण झालं!"

"मला सांगितलंय तसं सांगते."

"तुझ्या लक्षात राहिलं नसेल नीट. दुसऱ्या कुणाची पिशवी दिली असेल तुझ्या हातात. ह्या दवाखान्यांत काय सांगता येत नाही."

"माझ्या लक्षात आहे," मालन म्हणाली. "आता राहतंय लक्षात. डोकं हलकं झालंय माझं."

"बरं बरं. तू आराम कर. आता तुझ्या जिवाशी खेळ नाही करणार मी."

मला अगदी भरून आलं होतं हे म्हणताना. पाकिटावर दवाखान्याचा कागद डकवलेला होता, त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं होतं. मी वाचलं नाही. घरी पोचल्या पोचल्या सहाही पाकिटं उकिरड्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "अहो, ओठाला मुंग्या यायला लागल्यात."

"टाके ओढत असतील."

"टाके मानेला आहेत."

"अगं, तिथनंच शिरा वर जातात."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कोऱ्या चहाचा पेला दिला. तिनं हातात घेतला आणि पेला खाली पडला. मी बघितलं तर तिचा हात वाकडा झाला होता. बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटलेली, अंगठा आत वळलेला. सोडवायला गेलो तर सुटेना. दंडाचं मांस त्वचेखाली उडत होतं. असं उडताना मी शेकडो वेळा बघितलं होतं, बसायच्या आधी गायीचं उडतं तसं. कॅल्शियम संपल्यावर.

पिशवी खुंटीला होती, तिच्यात जनावरांच्या कॅल्शियमची बाटली होती, भरलेली. माझा हात खुंटीकडं गेलाही.

"तुमची बाटली नको," मालन दात आवळून म्हणाली. "दवाखान्यात न्या. आणि त्या गोळ्या आणा आधी."

चौगुले डाक्टर उकिरड्यात शिरले. कोपरापर्यंत हात घालून, शेणकचऱ्यातून, राखेतून, नाचणीच्या कोंड्यातून. आनंदीवहिनी कुंपणापलीकडून बघत होत्या, काय हुडकता म्हणून विचारत होत्या. मला उत्तर देता येईना. मी, ज्याच्याकडं प्रत्येकाला उत्तर होतं. दोन पाकिटं सापडली. धुऊन चार गोळ्या तिच्या तोंडात घातल्या, फडक्यानं पाणी पाजलं, आणि जीप काढली.

डॉक्टरीणबाईंनी तिचा हात बघितला आणि नर्सला हाक मारली. शिरेतून कॅल्शियम सुरू झालं. पहिली सुई त्यांनी स्वतः दिली, घड्याळ बघत, थेंब थेंब, छातीला यंत्र लावून.

"हळू सोडा," मी न राहवून म्हणालो. "घाई केली तर काळीज..."

"माहीत आहे," नर्स म्हणाली.

पंधराएक मिनिटांत मालनचा अंगठा सुटला. मग एक एक बोट. मग डॉक्टरीणबाई माझ्याकडं वळल्या. शेणाचा वास माझ्या अंगाला तसाच होता.

"गोळ्या कुणी बंद केल्या?"

"मी."

"यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं होतं."

त्या माझ्याकडं बघायला लागल्या. रागानं नव्हे, कोड्यात पडल्यासारख्या. "काका, तुम्ही जनावरं बघता ना? मला खरंच समजून घ्यायचंय. गायीला काय होतंय ते तुम्हाला कसं कळतं?"

हा प्रश्न मला झोपेतून उठवून विचारला असता तरी उत्तर तयार होतं. तोंडातून आपोआप आलं. "मुकं जनावर असतंय, डॉक्टर. त्याला बोलता येत नाही. म्हणून आपण..."

"मी बोलत होते," कॉटवरून मालन म्हणाली. आवाज बारीक होता पण स्वच्छ होता. "तिथंच माझं चुकलं. मुकी असते तर तुम्ही बघितलं असतंत."

डॉक्टरीणबाई कागदावर काहीतरी लिहायला लागल्या. नर्सनं सुईच्या जागी मोठी बाटली जोडली, दुपारपर्यंत चालेल म्हणाली, आणि दोघी बाहेर गेल्या.

मी उभाच होतो. कॉटजवळ स्टूल होतं, पण मी त्यावर बसलो नाही. मी खाली फरशीवर बसलो, तिच्या तोंडासमोर, गोठ्यात बसतो तसा. शेणाचे हात मांडीवर ठेवले. कानाला हात लावायचं धाडस झालं नाही.

"मालन," मी म्हणालो, "काय काय होतंय तुला? पहिल्यापासून सांग."

तिनं माझ्याकडं बघितलं. हा माणूस खरंच विचारतोय की आणखी काही पाजणार आहे, याचा अंदाज घेत असावी.

"संस्थेपासून सुरू करते," ती म्हणाली. "किल्ली काढून घ्या म्हणून आनंदीवहिनीकडं तुम्ही गेला होता. मला त्याच दिवशी कळलं होतं."

मी मान खाली घातली.

"आता घरी जाताना जीप आधी तिच्या दारात थांबवायची. किल्ली मी मागणार नाही. तुम्ही मागायची. चार बायका असताना."

"मागतो."

"आणि ते ढोंगाचं..." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पुसायला हात मोकळा नव्हता. मी पदरानं पुसलं. "ते तर मला आधी नीट सांगायचंय. मध्ये बोलू नका."

मी मध्ये बोललो नाही. ते सांगून झाल्यावर ती पहिल्यापासून, पायरीवर बसली त्या दिवसापासून सांगायला लागली. ज्ञानू खोताच्या गायीला मी वीस मिनिटांत उठवलं होतं. इथं दवाखान्यात दुपारी दोन वाजता नर्स आली, रिकामी बाटली काढून घेऊन गेली, आणि मालन अजून मनगट मोडलं त्या दिवसापर्यंतच आली होती.